थांबवण्याचा अधिकार

टोयोटाची गाडी घेणारा माणूस सहसा तिच्या रूपावर भाळून ती घेत नाही. मुंबईहून शिर्डीला किंवा पुण्याहून कोकणात प्रवासी नेणाऱ्या एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याला इनोव्हाबद्दल विचारा. तो वेगाचं कौतुक करणार नाही. गाडी किती लाख किलोमीटर पळाली आणि तरी इंजिन उघडावं लागलं नाही, हे सांगेल. वाळवंटात, खाणींवर, मदतकार्याच्या ताफ्यांत जगभर लँड क्रूझर आणि हायलक्स दिसतात त्याही याच विश्वासापोटी. हा विश्वास आला कुठून, असं विचारलं की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: जपानी शिस्त. मला ते पटत नाही. शिस्त मित्सुबिशीकडेही होती. तरी ग्राहकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं सरकारपासून दडवून ठेवल्याचं त्या कंपनीला २००० साली कबूल करावं लागलं.

टोयोटाच्या मोठेपणाचं मूळ मला एका नियमात दिसतं. सांगायला तो सोपा आहे, पाळायला फार कठीण. चूक दिसली की काम थांबवायचं, आणि थांबवणाऱ्याला कोणी बोल लावायचा नाही. या कंपनीचं नाव झालं ते हा नियम पाळल्यामुळे आणि ते डागाळलं तेही तो मोडल्यामुळे.

हा नियम गाड्यांच्या कारखान्यात जन्मला नाही, मागावर जन्मला. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. गावातल्या बायका दिवसभर हातमागावर राबत, ते पाहत तो वाढला. १८९१ मध्ये त्याने सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं आणि पुढची तीन दशकं तो मागातच बुडून गेला. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या वाचकांना त्याची अडचण समजावून सांगायला नको. ताण्याचा एक धागा तुटला आणि कामगाराचं लक्ष नसलं, तर माग विणतच राहतो आणि वारभर कापड वाया जातं. म्हणून प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करावा लागतो. साकिचीच्या मागात ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी अडकवलेली असे. धागा ताठ असेपर्यंत पट्टी वर तरंगे. धागा तुटला की ती खाली पडे आणि तिच्या पडण्याने माग बंद होई. १९२४ मध्ये तयार झालेल्या जी-प्रकारच्या स्वयंचलित मागात याच्या जोडीला धोटाही माग न थांबता बदलला जाऊ लागला. आता एकच कामगार तीसेक माग सांभाळू शकत होता, कारण मागांवर सतत नजर ठेवण्याची गरज उरली नव्हती. नीट चाललेल्या मागाकडे पाहण्याचं कारण नव्हतं; जो थांबेल त्याच्याकडे जायचं.

साऱ्या जगाला कापडयंत्रं विकणाऱ्या इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ मध्ये या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. त्याच पैशावर मोटारींचे प्रयोग झाले, असं सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पैशाबरोबर बापाकडून मुलाकडे आलेली दृष्टी. यंत्राची हुशारी त्याच्या वेगात नसून बिघाड ओळखण्यात आहे, ही ती दृष्टी.

मुलगा किइचिरो. त्याने १९३३ मध्ये मागांच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग काढला. त्याची पहिली विक्रीयोग्य गाडी, १९३५ चा जी-१ ट्रक, वाईट होती. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण टोयोटा जन्मापासूनच निर्दोष होती अशी एक समजूत आहे. ते ट्रक रस्त्यात मोडत, आणि कंपनीची माणसं जाऊन ते दुरुस्त करत. जनरल मोटर्सच्या जपानी शाखेतून आलेले विक्रीप्रमुख शोतारो कामिया यांचा आग्रह होता की गिऱ्हाइकाला एकटं सोडायचं नाही. १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली. पाठोपाठ युद्ध आलं, मग पराभव. १९५० मध्ये तर ती बुडायलाच आली होती. चलनवाढ रोखण्यासाठी सरकारने पैसा आवळला आणि विकलेल्या गाड्यांचे पैसे येईनात. कर्ज देताना बँकांनी अटी घातल्या, त्यांत माणसं कमी करणं होतं. मोठा संप झाला, सुमारे दोन हजार माणसं गेली आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरोने राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याने ट्रकांच्या मोठ्या मागण्या नोंदवल्या आणि कंपनी तरली. शेजारच्या देशाच्या रक्तपातातून आलेला हा पैसा होता. किइचिरो १९५२ मध्ये वारला, टोयोटाचे चांगले दिवस न पाहता.

यानंतर आलं ते ज्याला जग आज टोयोटा पद्धत म्हणतं. तिचे शिल्पकार ताइइची ओनो हे मूळचे कापड गिरणीतले माणूस, आणि ही पद्धत निघाली टंचाईतून. फोर्डसारखे सुट्या भागांचे डोंगर रचायला टोयोटाकडे पैसा नव्हता, जागा नव्हती. म्हणून लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच बनवायचं. पुढच्या टप्प्याने आधीच्या टप्प्याकडून माल उचलायचा आणि उचलताना चिठ्ठी द्यायची. ती चिठ्ठी म्हणजे कानबान. व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी कानबानला डोक्यावर घेतलं. पण साठा नसला म्हणजे खराब भाग लपवायलाही जागा नसते, हे त्या पुस्तकांतून निसटतं. एक भाग खराब निघाला की सगळी साखळी अडते. म्हणजे साठा काढून टाकला तर थांबायची तयारी ठेवावीच लागते. ओनोंनी मागावरची पट्टी माणसाच्या हातात दिली.

ती दोरीच्या रूपात दिली. टोयोटाच्या जुळणी-ओळीवर कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. बोल्ट नीट बसत नाही, दाराची फट जास्त वाटते, काहीही खटकलं की कामगार ती ओढतो. वरच्या फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, एक धून वाजते आणि गटप्रमुख धावत येतो. ओळ तत्क्षणी थांबत नाही. गाडी त्या जागेची हद्द ओलांडेपर्यंत सवड असते. तेवढ्यात अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढायची आणि काम पुढे. नाहीतर ओळ थांबते आणि तिच्यावरचे सगळे थांबतात. मग शोध सुरू होतो तो कारणाचा. 'का' हा प्रश्न ओनो पाच वेळा विचारायला सांगत, कारण पहिल्या उत्तरात बहुधा एखाद्या माणसाचं नाव येतं आणि पाचव्यापर्यंत पोचलं की पद्धतीतला दोष सापडतो. आपल्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत चौकशी पहिल्या उत्तरावरच संपते, हे मला वारंवार दिसतं.

परदेशातली पहिली उडी फसली. १९५७ मध्ये अमेरिकेत नेलेली क्राउन तिथल्या महामार्गांवर दमायची, तापायची. काही वर्षांत कंपनीने ती निर्यात आवरती घेतली आणि १९६५ मध्ये ताकदवान कोरोना घेऊन ती परतली. पुढच्या वर्षी कोरोला आली. १९७३ च्या तेलसंकटानंतरचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे.

या पद्धतीची खरी परीक्षा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला झाली. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना बदनाम होता. रोज पाचांतला एक कामगार गैरहजर, दारू, भांडणं, मुद्दाम केलेली खराबी. काही झालं तरी ओळ थांबवायची नाही, हा तिथला दंडक होता. सदोष गाड्या तशाच पुढे सरकत आणि शेवटी अंगणात उभ्या राहत. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तो पुन्हा उघडला आणि बहुतेक जुनेच कामगार, जुन्याच संघटनेसह, परत घेतले. त्यांच्यातल्या कित्येकांना जपानच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या आणि गैरहजेरी नाममात्र उरली. माणसं तीच होती. फरक इतकाच की पूर्वी चूक दाखवणारा शत्रू ठरत असे, आता त्याच्याकडे मदत धावत येत होती. 'आमचा कामगारच वाईट' असं म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाने फ्रीमाँटचा अभ्यास करावा. जनरल मोटर्सच्या डोळ्यांसमोर हे घडत असूनही तिला ते आपल्या इतर कारखान्यांत रुजवायला फार वर्षं लागली. दोरी टांगणं सोपं असतं. ओढणाऱ्यावर न रागावणारा साहेब तयार करणं अवघड.

आता दुसरी बाजू. १९७२ मध्ये सातोशी कामाता हे पत्रकार हंगामी कामगार म्हणून टोयोटात राबले आणि त्यांनी त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यात दिसते ती वाढत जाणारी गती, सक्तीचा जादा वेळ आणि थकून गेलेली माणसं. २००७ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने टोयोटाच्या एका तिशीतल्या कर्मचाऱ्याचा मृत्यू अतिश्रमाने झाल्याचं मान्य केलं. कामाच्या वेळेनंतर चालणाऱ्या गुणवत्ता-मंडळाच्या बैठका हेसुद्धा कामच, असं त्या निकालाने ठरवलं. गाडीतली चूक दिसली की ओळ थांबत होती. माणूस मोडायला आला की थांबवायला मात्र दोरी नव्हती. टोयोटावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप मी हाच मानतो, आणि गुणवत्तेची कितीही मोठी कीर्ती तो पुसू शकत नाही.

२००८ मध्ये टोयोटा जगात पहिली आली आणि लगेच गडगडली. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस गाडीचा वेग आवरता न आल्याने एका कुटुंबातले चौघे मरण पावले; पायाखालच्या चटईत ॲक्सिलरेटर अडकला होता. लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये साकिचीचा पणतू आणि कंपनीचा अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी काँग्रेसपुढे उभा राहिला. आपण फार वेगाने वाढलो आणि अग्रक्रम चुकले, हे त्याने कबूल केलं. इलेक्ट्रॉनिक बिघाडाचा संशय नासाच्या तपासात टिकला नाही, हे टोयोटाच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. पण चिकटणाऱ्या पेडलची माहिती असूनही ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये तिला १२० कोटी डॉलर भरावे लागले. दोरीची किमया दाखवणारा फ्रीमाँटचा कारखाना, जनरल मोटर्स बाहेर पडल्यावर, टोयोटाने याच काळात, १ एप्रिल २०१० ला, बंद केला.

मग डिसेंबर २०२३. टोयोटाच्या पूर्ण मालकीच्या दाइहात्सू कंपनीने सुरक्षा चाचण्यांत लबाडी केल्याचं उघड झालं. ६४ मॉडेल्स त्यात आली. सगळ्यात जुना प्रकार १९८९ चा. काही धडक-चाचण्यांत एअरबॅग गाडीच्या संवेदकाने उघडायची, ती टायमर लावून उघडली होती. चौकशी समितीने मुख्य कारण दिलं ते जराही न सरकणाऱ्या तारखांचं. गाडी अमुक दिवशी बाजारात येणार म्हणजे येणारच, आणि चाचणी विभागातल्या माणसाला 'थांबा' म्हणायची सोय नाही. जून २०२४ मध्ये खुद्द टोयोटानेही काही मॉडेल्सच्या प्रमाणीकरण चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचं मान्य केलं आणि अकिओने पुन्हा मान झुकवली. कारखान्यातल्या दोरीची कीर्ती जगभर गेली, पण कचेरीतल्या टेबलांपर्यंत ती दोरी पोचलीच नाही, असा माझा निष्कर्ष आहे. गंमत नव्हे, दुःख वाटावं असं हे आहे: २०२० पासून दरवर्षी सर्वाधिक गाड्या विकणारा समूह हाच होता, आणि तरी त्यातल्या एका माणसाला चार आठवडे जास्त मागता आले नाहीत.

आपला या कथेशी थेट संबंध आहे. साकिचीच्या दोन वर्षांनंतर, १८६९ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी नांगर विकले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोडा समूहाशी आधी कापडयंत्रांसाठी आणि १९९७ मध्ये मोटारींसाठी भागीदारी केली. बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यातून क्वालिस आणि मग इनोव्हा आली. त्याच बिडदीत नोव्हेंबर २०२० मध्ये कामगार संघटनेने कामाच्या वाढत्या बोज्याची तक्रार केली, व्यवस्थापनाने बेशिस्तीचं कारण देत टाळेबंदी जाहीर केली आणि तंटा काही महिने चालला.

जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर इथल्या सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला. तेव्हापासून चर्चा आहे ती नोकऱ्या किती मिळणार आणि जमिनीला भाव काय येणार याची. मराठवाड्यातल्या लोकप्रतिनिधींना, कामगार संघटनांना आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना माझी विनंती आहे की कंपनीला आणखी एक प्रश्न आत्ताच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या: कंत्राटावर घेतलेल्या, सहा महिन्यांत करार संपणाऱ्या मुलाने ती दोरी ओढली, तर सातव्या महिन्यात तो कामावर असेल का?