सभासद कोण आणि लाभार्थी कोण?



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सभागृहाच्या पायरीपाशी आमची वाट पाहत थांबले होते. नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले. म्हणाले, "फादर, शहरातल्या सेवा क्लबचे लोक मला सभासद व्हा म्हणतायत. होऊ का?" आम्ही म्हणालो, "मग अडचण कसली?" त्यावर मागून त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "अडचण मी सांगते. इथल्या विन्सेंट दी पॉलच्या मीटिंगला यांना कधी वेळ मिळत नाही. तिकडं मात्र दर आठवड्याला इस्त्रीचा शर्ट घालून जातील." गृहस्थ काही बोलले नाहीत. बाई पुढे गेल्यावर मात्र हळूच म्हणाले, "खरं सांगू, फादर? तिथून बोलावणं आलं. इथं कुणी बोलावलंच नाही."

हे शेवटचे वाक्य आमच्या मनातून आठवडाभर गेले नाही. त्यावर बोलायचे आहेच, पण आधी त्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळू या.

कॅथलिकाने अशा क्लबचे सभासद व्हावे काय? जुन्या मंडळींपैकी काहींना अंधुकसे आठवत असेल, की एके काळी ख्रिस्तसभेची याबाबतीत नापसंती होती. १९२९ साली रोमहून धर्मगुरूंनी रोटरीपासून दूर राहावे असे कळवण्यात आले आणि १९५१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या हुकुमाने धर्मगुरूंना सभासदत्वाची मनाई झाली. प्रापंचिकांनाही सावध राहायला सांगितले गेले. या क्लबांमागे फ्रीमेसन मंडळींचा हात असावा अशी शंका होती. पुढे ती भीती ओसरली. १९७९ च्या जूनमध्ये रोटरीचे जागतिक अधिवेशन रोममध्येच भरले तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या मंडळींशी आपुलकीने संवाद साधला. तेव्हा परवानगीचा प्रश्न उरलेला नाही. उरला आहे तो निराळाच प्रश्न, आणि तो क्लबला लागू पडतो तितकाच आपल्यालाही.

रोटरीची जन्मकथा मोठी बोधक आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या व्यावसायिकांना एकत्र बोलावले. हेतू परोपकाराचा नव्हता. मोठ्या शहरात एकटे पडलेल्या माणसांना स्नेही मिळावेत आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार लागावा, एवढेच होते. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात भरे, म्हणून नाव रोटरी. वर्षभराने डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद व्हा म्हणून विचारले गेले. त्याने नकार दिला. जी संस्था फक्त आपल्या सभासदांचे भले पाहते तिला भवितव्य नाही, तिने शहरासाठीही काही करावे, असे त्याचे म्हणणे पडले. मंडळींनी ते मनावर घेतले. त्यांचे पहिले लोकोपयोगी काम कोणते होते, ठाऊक आहे? शहरात सार्वजनिक शौचालय बांधून घेणे! आजच्या एखाद्या पदग्रहण समारंभात असा संकल्प जाहीर झाला तर टाळ्या किती पडतील, कोण जाणे.

अशीच एक गोष्ट आपल्या घरातली आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी मित्रांबरोबर धर्मावर जोरदार वादविवाद करीत असे. एका विरोधकाने त्याला टोमणा मारला, की तुमचा धर्म पूर्वी मोठा असेल, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? ओझानामला उत्तर देता आले नाही. त्या निरुत्तर होण्यातून संत विन्सेंट दी पॉल यांच्या नावाची संस्था उभी राहिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली ओझानामला धन्यवादित घोषित केले.

दोन्हीकडे एक साम्य दिसते. संस्थेला तिचे खरे काम कळले ते बाहेरच्या माणसाने प्रश्न विचारल्यावर. आतली माणसे एकमेकांवर खूश होती.

आम्हाला असा प्रश्न विचारला तो कृष्णाकाठच्या एका बाईंनी. त्यांना तो प्रश्न आहे हेही ठाऊक नसेल. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कुणीच विसरलेलो नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेले होते. पाणी ओसरल्यावर मदतीचा दुसरा पूर आला. किती संस्था, किती क्लब, किती मंडळे! गावोगावच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. त्यात आम्हीही होतो. आमच्या गटाने पिशव्या भरल्या होत्या: तांदूळ, डाळ, तेल, साबण, मेणबत्त्या. प्रत्येक पिशवीवर आमच्या गटाच्या नावाचे स्टिकर होते. शाळेच्या ओसरीवर रांग लावली आणि एकेकाच्या हाती पिशवी देताना फोटो काढले. हिशेब द्यायचा असतो, देणगीदारांना दाखवायचे असते, हे कारण खोटे नव्हते.

रांगेत साठीच्या एक बाई होत्या. घरची दोन एकर ऊसशेती, दावणीला म्हशी असलेले हे घर. त्यांची पाळी आली आणि मोबाइल वर झाला, तसा त्यांनी पदर पुढे ओढला. म्हणाल्या, "फोटो नगं बाबा. पोरगं पुण्याला हाय कामाला. त्यानं बघितला तर काय म्हणंल?" आम्ही फोटो काढला नाही. पण गोष्ट इथे संपली नाही. पिशवी घेऊन त्या बाजूला थांबून राहिल्या आणि आमचे वाटप आटोपल्यावर पुढे येऊन म्हणाल्या, "घरी चला. चूल पेटलीया आजच. चा टाकते." घरात अजून चिखल होता. साखर बहुधा आम्ही दिलेल्याच पिशवीतली असती. आणखी तीन गावे बाकी होती. आम्ही हात जोडून म्हणालो, "आजी, पुढच्या वेळी नक्की." पुढची वेळ आली नाही.

फोटो न काढल्याबद्दल त्या दिवशी आम्हाला बरे वाटले होते. पुष्कळ दिवसांनी कळले, की चूक चहाला नाही म्हणण्यात झाली होती. त्या बाई लाभार्थ्यांच्या यादीतून बाहेर पडू पाहत होत्या. अर्ध्या तासासाठी का होईना, त्यांना देणाऱ्यांच्या बाजूला यायचे होते. आम्ही घाईत दार लावून घेतले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलने रंगवलेला थोर मनाचा पुरुष आम्हाला खटकत असे. त्याला उपकार करायला आवडते, पण घ्यायची लाज वाटते, कारण देणारा वर आणि घेणारा खाली. आपण केलेले उपकार त्याच्या ध्यानात राहतात, घेतलेले राहत नाहीत. परीक्षेत आम्ही त्याच्यावर सडकून टीका लिहिली होती. कृष्णाकाठी मात्र आम्हीच तो पुरुष झालो. आपल्या परंपरेने या वर-खालीला पुरते उलटे केले आहे. चौथ्या शतकातले मिलानचे धर्माध्यक्ष संत अँब्रोज श्रीमंतांना बजावत असत, की गरिबाला देतोस ते तुझे नसून त्याचेच आहे, तू परत करतो आहेस. परत करणाऱ्याने स्टिकर लावायचे म्हणजे उसनी आणलेली कळशी परत देताना तिच्यावर आपले नाव कोरण्यासारखे आहे.

मग सत्कृत्य लपूनच करावे काय? इथे शुभवर्तमान आपल्याला सोपे उत्तर देत नाही. डोंगरावरच्या त्याच प्रवचनात प्रभू येशू एकीकडे सांगतो, की लोकांना तुमची सत्कृत्ये दिसू द्या, आणि थोडे पुढे गेल्यावर सांगतो, की उजवा हात काय देतो ते डाव्यालाही कळू नये. विसंगती वाटते खरी, पण दोन्ही ठिकाणी विचारायचे ते एकच: पाहणाऱ्याची नजर शेवटी कुणावर थांबते? पहिल्यात ती पित्याकडे जाते, दुसऱ्यात देणाऱ्यावरच अडकते. क्लबच्या जाहिरातीला नावे ठेवण्याआधी आपल्या देवळातील बाकांच्या पाठीवरची नावे वाचून पाहावीत. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक कुटुंबाकडून. आमच्याच परवानगीने ती कोरलेली आहेत.

रोटरीमध्ये चार प्रश्नांची एक कसोटी आहे. हर्बर्ट टेलर नावाच्या उद्योजकाने १९३२ साली बुडत्या कंपनीला सावरताना ती आपल्या माणसांसाठी लिहिली आणि पुढे क्लबने स्वीकारली. बोलणे-करणे खरे आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, स्नेह वाढेल का, सर्व संबंधितांचे हित होईल का. कसोटी चांगली आहे. आमची अडचण एकाच शब्दाशी आहे: संबंधित म्हणजे कोण? ज्याला वह्या मिळतात तो मुलगा संबंधितांत मोडतो, की ज्याच्यावर उपक्रम होतो तो नुसता विषय? कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कशी मदत हवी, हे त्याला कधी कुणी विचारले आहे काय?

या बाबतीत आपला सातारा जगाला शिकवू शकेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले. खर्च भागवायला मोठे देणगीदार शोधले तसा मुष्टिफंडही काढला. घरातल्या बाईने दळणाला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला ठेवायचे, बोर्डिंगच्या मुलांनी ते गोळा करून आणायचे. या योजनेला सभासद वर्गणी एक मूठ. जी बाई स्वतः अडचणीत आहे, जिचा मुलगा कदाचित त्याच बोर्डिंगात जेवतो आहे, तीही देणारी. आणि बोर्डिंगातली मुले स्वतः राबत, नुसती ताटावर बसत नसत. मंदिराच्या दानपेटीत दोन छोटी नाणी टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने शिष्यांचे लक्ष वेधले ते आपण उपदेशात दरवर्षी ऐकतो. भाऊरावांनी अशा हजारो बायांवर संस्था उभी केली.

क्लबांवर अन्याय नको म्हणून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. लायन्सच्या अधिवेशनात १९२५ साली हेलन केलर यांनी अंधांसाठी कळकळीने साद घातली, तिचा प्रतिसाद आपल्या मिरजेच्या नेत्र रुग्णालयापर्यंत पोचला आहे. आणि पोलिओ! रोटरीने १९८५ साली पोलिओ जगातून घालवण्याचा विडा उचलला. सरकारची मोहीम आपल्या देशात १९९५ पासून सुरू झाली आणि तिच्यामागे ही मंडळी पैसा, माणसे, मोटारी घेऊन उभी राहिली. सेमिनरीत असताना काही रविवारी आम्हीही बूथवर बसलो आहोत. डॉक्टरांचे बाळ मोटारीतून उतरायचे, मागोमाग ऊसतोड कामगाराचे बाळ कडेवर यायचे. दोघांना तेच दोन थेंब, दोघांच्या डाव्या करंगळीवर तीच शाई. कोपीवर राहिलेल्या मुलांसाठी फडापर्यंत चालत जावे लागे. देशातला अखेरचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

या कामाचा लाभार्थी कोण? ज्याचे पाय वाकडे झाले नाहीत ते मूल. पण ते मूल कोणते, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याला स्वतःला ठाऊक नाही, त्याच्या आईला नाही, थेंब पाजणाऱ्याला नाही. त्याला मंचावर बोलावता येत नाही, त्याच्याकडून आभाराचे दोन शब्द बोलवून घेता येत नाहीत. शिवाय सभासदाचे स्वतःचे मूलही त्याच रांगेत होते. क्लबच्या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे काम हे असे, आणि त्यात देणारा नि घेणारा वेगळा काढता येत नाही.

तर त्या गृहस्थांना आम्ही म्हणालो, जरूर सभासद व्हा. आपल्या मुखाने बोलावणे न गेल्याबद्दल त्यांची क्षमाही मागितली. विन्सेंट दी पॉलच्या मंडळींना आम्ही विनंती केली आहे, की येत्या महिन्यात घरभेटींना जाताना ज्यांच्या घरी आपण आजवर फक्त धान्य पोचवले, त्यांच्यापैकी कोणी मीटिंगला येतील का, हे विचारून पाहावे. एक बहीण लगेच म्हणाल्या, "फादर, त्या आल्या तर त्यांच्यासमोर त्यांचीच नावं यादीत कशी वाचायची?" आम्हाला उत्तर सुचले नाही. यादीचे काय करायचे ते पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू.

परवा ते गृहस्थ पुन्हा आले. क्लबतर्फे डोळे तपासणीचे शिबिर घ्यायचे आहे, आपले सभागृह मिळेल का, असे विचारत होते. आम्ही आनंदाने होकार दिला. जाता जाता दारातून वळून म्हणाले, "फ्लेक्सवर तुमचा फोटो टाकू ना, फादर? अध्यक्षांच्या शेजारी."

खरे सांगायचे तर, बंधुभगिनींनो, आम्ही लगेच नाही म्हणालो नाही.