शिक्षेचे माप

बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेत भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना लागतो. हंगामात वजनकाट्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग उभी असते. ती पाहताना आमच्या मनात एक प्रश्न येतो : उसाचे वजन करणाऱ्या सहकारी संस्थांनी आपल्याच माणसांचे अपराध कोणत्या काट्यावर तोलावेत?

समजा, एखाद्या सभासदाने घरच्या आजारपणात पैशाची निकड म्हणून आपला ऊस दुसऱ्या कारखान्याला घातला. चूक ही चूकच. तिकडे एखाद्या संचालकाने हजारो सभासदांचा पैसा स्वतःच्या सोयीने वापरला. पहिल्याला नोटीस तत्काळ निघते. दुसऱ्याच्या बाबतीत ‘संस्थेची अब्रू’ आड येते. अशा वेळी झाकली जाते ती अपराध्याची लाज. तोटा मात्र सभासदांच्याच पदरी राहतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात या बाबतीत बराच विवेक आहे. संस्थेचा पैसा गैरमार्गाला लावणाऱ्याकडून तो कलम ८८ प्रमाणे व्याजासह वसूल करता येतो. कलम ३५ प्रमाणे सभासदाला काढून टाकायचे, तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांचे तीन-चतुर्थांश बहुमत लागते; त्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. एक वर्ष सरल्यावर तो पुन्हा प्रवेशास पात्र ठरू शकतो. भरपाई, सुनावणी आणि परतीची वाट, अशा या तीन गोष्टी होत.

आम्हा ख्रिस्ती जनांना ही पायरीपायरीची रीत अनोळखी नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आधी एकांतात, मग दोघा-तिघांसमक्ष आणि शेवटी मंडळीपुढे असा क्रम सांगितला आहे. परंतु त्याच एकांताचा आडोसा करून ख्रिस्तसभेतही दुबळ्यांवरील अत्याचार वर्षानुवर्षे झाकले गेले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली ख्रिस्तसभेच्या दंडविषयक कायद्यात सुधारणा केली, ती हा कटू धडा शिकूनच. शिक्षा टाळणे म्हणजे दया नव्हे.

म्हणून आम्हांला वाटते, शिक्षेचे माप ठरवताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात : इजा कोणाला झाली, आणि ती करणाऱ्याच्या हाती अधिकार किती होता? परतीची वाट सर्वांना असावी. पण ती सभासदत्वापर्यंत जावी, खुर्चीपर्यंत जाईलच असे नाही. ज्याला क्षमा केली, त्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या पुन्हा द्याव्यात, असे क्षमाही सांगत नाही.