आनंद ओसरल्यावर काय उरते?

लग्नसराईत आपण हौसेने नटतो, जेवतो, नाचतो. त्यात पाप नाही. काना येथील लग्नाला प्रभू येशूही गेला होता. प्रश्न मौजेचा नाही, तिच्यानंतर मनात काय उरते, हा आहे.

1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून संत इग्नेशियस लोयोला जायबंदी झाले. अंथरुणावर पडून ते पराक्रमाची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवीत. तेवढ्यापुरते बरे वाटे, मग मन कोरडे पडे. ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र वाचून त्या वाटेने जाण्याचा विचार करीत, तेव्हाचा आनंद मात्र मागाहूनही टिके. हा फरक त्यांनी ओळखला आणि त्यांचे जीवन पालटले.

आपलेही असेच होते. रात्री दोन तास मोबाईल पाहून डोळे थकतात, समाधान मिळत नाही. अबोला धरलेल्या भावाच्या दारी जाणे जड वाटते. परतताना मन हलके असते. श्रद्धेत वाढणे म्हणजे सुख टाकणे नव्हे, सुखाची पारख करणे होय.

आज रात्रीच्या प्रार्थनेत दिवस आठवू या: कशाने मन कोरडे झाले, कशाने भरले? उत्तर प्रभूपुढे ठेवू या आणि उद्या त्या दिशेने एक पाऊल टाकू या.