मेंढरांमागे जाणारा मेंढपाळ

(वाचा : योहान १०:११-१५, मत्तय १४:२४-२७)



लांडगा येताना दिसला म्हणजे मोलकरी कोण व मेंढपाळ कोण हे कळून येते, असे आपल्या प्रभूने शिकविले. एरव्ही दोघांच्याही हाती काठी असते व दोघेही कळपाबरोबर चालतात. पहिल्या महायुद्धात एका खेड्यातील पाळकाची अशी पारख झाली. तिची आठवण आज आपण करू.

थिओडोर बेली हार्डी हे उत्तर इंग्लंडातील हटन रूफ या लहानशा गावचे पाळक. पूर्वायुष्यात पुष्कळ वर्षे ते शिक्षक होते. पत्नी निवर्तली होती. युद्ध पेटल्यावर सैन्यात पाळक म्हणून जाण्याची त्यांनी विनंती केली. परंतु वय फार झाल्यामुळे ती प्रथम नाकारली गेली. अखेर १९१६ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, ते फ्रान्सात गेले.

त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. रात्री ते खंदकांतून शिपायांच्या भेटीस जात. अंधारात चाहूल लागून कोणी दचकू नये म्हणून, आपणच आलो आहोत, असे हळूच सांगत. तुफानात भ्यालेल्या शिष्यांनाही प्रभूने प्रथम आपली ओळखच दिली नव्हती काय?

१९१८ च्या एप्रिलात एक अधिकारी आघाडीच्या सुमारे ४०० यार्ड पुढे घायाळ होऊन पडला. मदत येईपर्यंत हार्डी त्याच्यापाशी राहिले. पुढे तोफगोळ्याने माणसे मातीखाली गाडली गेली, तेव्हा कोसळू पाहणाऱ्या भिंतीजवळ त्यांनी माती उकरली. एक जण जिवंत निघाला. दुसरा मेलेला आढळला. श्रम मात्र दोघांसाठीही केले.

या कृत्यांबद्दल पाचवे जॉर्ज बादशहा यांनी त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस दिला, व पुढे राजाचे पाळक म्हणून नेमले. आता सन्मानाने घरी परतता आले असते. परंतु शिपाई आघाडीवर होते, म्हणून तेही तेथेच राहिले. ऑक्टोबरात नदी ओलांडताना त्यांना गोळी लागली, आणि १८ ऑक्टोबर १९१८ रोजी रूआँ येथे ते प्रभूकडे गेले. त्यानंतर २४ दिवसांनी तोफा थांबल्या.

आम्ही युद्धाची थोरवी गात नाही. त्यात असा सेवक गेला याचे दुःखच करतो. पण उपदेशक बंधूंनो, त्यांची सेवा आपणांस प्रश्न विचारते. घंटा वाजवून मंडळीची वाट पाहणे सोपे आहे. जो कर्जात बुडाला, जो दारूकडे परत वळला, जो लाजेने उपासनेस येईनासा झाला, त्याच्या दारी अंधार पडल्यावर आपण जातो काय? त्याला तेथे लांब प्रवचन नको असते. कोणी आपल्याकडे आले, एवढे त्याला कळले पाहिजे. कदाचित आपले श्रम व्यर्थही दिसतील. तरी माती उकरण्याचे आपण सोडू नये.

हे उत्तम मेंढपाळा, तू आम्हांमागे मरणाच्या दरीपर्यंत आलास. आम्हांलाही आमच्या बंधूंमागे जाण्याचे धैर्य दे. आमेन.