पाठबळाचं युद्ध

युक्रेनचं ड्रोन रशियाच्या हद्दीत जाऊन आदळलं की मराठी चर्चांमध्ये ‘गनिमी कावा’ हमखास निघतो. 2023 च्या उन्हाळ्यात झापोरिझ्झियातली युक्रेनची चढाई सुरुंगांत अडकली, तेव्हापासून त्याच्या जोडीला दुसरं विधान ऐकू येतं: पश्चिमेनं मदत थांबवली की युद्ध मिटेल. या दोन्ही बोलण्यांत फौजेच्या मागं कोण उभं आहे आणि कशासाठी, हा प्रश्न गळून पडतो. मलिक अंबरनं वसवलेल्या छत्रपती संभाजीनगरात तरी तो विसरला जाऊ नये.

अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर अंबर, दऱ्याडोंगर, मुघलांची रसद तोडणारे मराठे स्वार हे सगळं शाळेपासून पाठ आहे. 1600 मध्ये अकबराच्या फौजेनं अहमदनगरचा किल्ला घेतला आणि दहा वर्षांत मुघल बऱ्हाणपूरपर्यंत मागं हटले. याचं श्रेय डोंगरांना आणि घोड्यांना दिलं जातं. पण डोंगर तर 1600 मध्येही तिथंच होते.

बदललं ते विजापूर. 1609 च्या सुमारास इब्राहिम आदिलशहानं कुटुंबकबिला आणि खजिना ठेवायला अंबरला आजच्या नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किल्ला दिला. सोबत दहा हजार घोडदळ आलं आणि त्याच्या खर्चासाठी तीन लाख होन उत्पन्नाचा मुलूख नेमला गेला. अंबरच्या मुलाचं विजापूरच्या हबशी सरदाराच्या मुलीशी लग्न लागलं. त्या लग्नात नुसत्या दारूकामावर ऐंशी हजार रुपये खर्च झाले. बायकापोरं आणि खजिना भक्कम तटाआड असला, तरच फौज महिनोन्‌महिने मोकळेपणी झुंजू शकते. मुघल सेनापती खानखानाची चढाई अडली ती या बळावर.

आदिलशहा उपकार करत नव्हता. निजामशाहीनंतर पाळी आपली, हे त्याला दिसत होतं. पुढं हिशेब बदलला आणि 1624 मध्ये भातवडीला विजापूरचीच फौज मुघलांच्या बाजूनं उतरली. अंबरनं तीही लढाई जिंकली.

मग 1636 उजाडलं. शहाजीराजे निजामशाही झुंजवत होते, तेवढ्यात विजापूरनं शाहजहानशी तह केला. राजे माहुली किल्ल्यावर कोंडले गेले, निजामशाही बुडाली. मदत तुटली होती. शांतता मात्र आली नाही. दोघांनी मुलूख वाटून घेतला, त्याच वर्षी तरुण औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला आणि 1686 मध्ये विजापूरही त्याच्याच हाती पडलं.

पुढच्या वर्षी गोवळकोंडा गेला. मुघलांशी झुंजणाऱ्या मराठा सेनानी संताजी-धनाजींच्या मागं दख्खनमधली एकही शाही उरली नाही, तरी मुघलांनी राजाराम महाराजांना घातलेला जिंजीचा वेढा आठ वर्षं रेंगाळला. महाराज आणि रामचंद्रपंत अमात्यांनी सरदारांना वतनं आणि मुलूख कबूल करून पाठबळ घरातूनच उभं केलं. त्याची किंमत पुढं छत्रपती झालेल्या शाहूमहाराजांच्या वाट्याला आली. आपल्या तलवारीनं मुलूख मिळवलेले सरदार छत्रपतींच्या आज्ञेत राहायला सहजी राजी होईनात.