शास्त्राचें वचन अक्षरशः घ्यावें काय?

पवित्र शास्त्र अक्षरशः वाचावें कीं त्यांतील गोष्टी रूपकें समजाव्या, हा वाद आतां खेड्यांतील मंडळ्यांतही ऐकूं येतो. एक पक्ष म्हणतो, एका शब्दास रूपक म्हटलें कीं सारें शास्त्र सैल झालें. दुसरा म्हणतो, शहाण्यानें भावार्थ घ्यावा व शब्द सोडून द्यावा. आमच्या मतें बोलणाऱ्याची तऱ्हा ओळखल्यावांचून त्याचें बोलणें कळत नाहीं, हें दोघेही विसरतात.

प्रभूनें मोहरीचा दाणा सर्व दाण्यांत लहान म्हटला. आमच्या जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्यास हें वाचून नवल वाटेल. खसखशीचा दाणा मोहरीहून बारीक असतो हें त्यास ठाऊक आहे. मग प्रभु चुकला काय? मुळींच नाहीं. अगदीं अल्प वस्तूस मोहरीएवढी म्हणण्याचा यहूदी लोकांत प्रघात होता. आपणही 'तिळमात्र शंका नाहीं' म्हणतों, आणि कोणी तीळ मोजावयास बसत नाहीं. अशा ठिकाणीं अक्षरास चिकटणें कधीं प्राणावरही बेततें. मार्काच्या शेवटच्या अध्यायांतील सर्पांचें वचन अमेरिकेंतील हेन्स्ली नामक उपदेशकानें जसेंच्या तसें घेतलें, उपासनेंत सर्प हातीं धरण्याचा प्रघात फैलावला, व १९५५ सालीं तो सर्पदंशानेंच मेला. कापसाच्या रानांत राबणाऱ्यास याहून अधिक सांगणें नको.

परंतु म्हणून सारेंच रूपक नव्हे. पौल करिंथकरांस प्रभूचें पुनरुत्थान सांगतो तेव्हां तो साक्षीदारांचीं नांवें घेतो, आणि ज्या पांचशेंहून अधिक बंधूंनीं प्रभूस पाहिलें त्यांपैकीं बहुतेक अद्याप हयात आहेत असें कळवितो. कचेरींत साक्ष देणारा बोलतो तशी ही भाषा आहे.

आणि रूपक म्हणजे लटकें असें ज्यांस वाटतें त्यांनीं आपल्याच जिल्ह्याकडे पाहावें. रेव्ह. नारायण शेषाद्रि यांचा बाप्तिस्मा १८४३ सालीं मुंबईस झाला. पुढें ते जालन्यास आले, आणि त्या वेळच्या हैदराबाद संस्थानचे दिवाण सर सालार जंग यांजकडून जमीन मिळवून त्यांनीं शहराजवळ ख्रिस्ती लोकांचें गांव वसविलें. त्याचें नांव त्यांनीं बेथेल, म्हणजे देवाचें घर, असें ठेविलें. शास्त्रांतील बेथेल कनान देशांत. तेथें याकोबानें उशाशीं धोंडा घेऊन शिडीचें स्वप्न पाहिलें. जालन्याच्या माळावर तो धोंडा नव्हता, शिडीही नव्हती. तरी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गांवकुसाबाहेर ठेविलें होतें त्यांना तेथें घरें मिळालीं, आणि तीं कांहीं रूपकाचीं नव्हतीं.

खरी अडचण निराळीच आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यानें ख्रिस्ती शिक्षणाविषयींच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं जी आज्ञा लोकांच्या रूढीविरुद्ध जाते ती त्यांस अलंकारिक वाटूं लागते. आमच्या मंडळ्यांस हें किती लागू पडतें! ख्रिस्ताच्या ठायीं यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र असा भेद उरत नाहीं, असें पौलानें गलतीकरांस लिहिलें. तें आपण व्यासपीठावरून मोठ्यानें वाचतों. पण मुलीचें लग्न ठरवितांना हळूच पूर्वीची जात विचारतों, आणि कोणी वचन दाखविलें कीं 'तें आत्मिक अर्थानें आहे' असें उत्तर देतों. स्त्रियांनीं मंडळींत उगें राहावें, हें मात्र अक्षरशः! असा निवाडा करणारे बहुधा पुरुषच असतात, हेंही येथें नमूद करणें भाग आहे.

पेत्रानें विचारिलें, भावास सात वेळां क्षमा करावी काय? प्रभूनें सत्तरदां सात सांगितलें. यांत कोणी ४९० चा हिशेब मांडून ४९१ व्या अपराधास मोकळा झाला, तर त्यानें अक्षर पाळलें व आज्ञा मोडली. येथें आंकडा रूपक आहे, आणि त्यामुळेंच आज्ञा जड झाली आहे. बांधाच्या तंट्यावरून ज्यानें सख्ख्या भावाशीं बोलणें टाकलें आहे त्यास उपदेशकबंधूंनीं हा उतारा आधीं वाचावयास द्यावा, आणि त्यांतील शब्द रूपक आहे कीं नाहीं तें मागाहून विचारावें.