जीव वाचला ना?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. आपले वाडवडील ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत, त्या रायगडातील मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनचा सारा पट्टा त्याने झोडपून काढला. कौले उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि माडा-पोफळींच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. माणसे मात्र त्या मानाने थोडी दगावली, कारण किनाऱ्यावरच्या लोकांना आधीच हलवले होते.

ते कोरोनाचे दिवस. विमाने बंद होती. इथे इस्रायलात बसून आम्ही फोन लावत होतो आणि फोन लागत नव्हते. बऱ्याच दिवसांनी एकदाचा गावाकडच्या आमच्या शेजारच्या काकांचा आवाज ऐकू आला. यांच्याच वाडीत आम्ही भावंडे लहानपणी पाटात पाय सोडून बसत असू. मी आनंदाने म्हटले, “काका, जीव वाचला ना? मग झालं तर. देवाची कृपा. बाकीचं सगळं परत उभं राहील.”

पलीकडे शांतता. मला वाटले, लाइन तुटली. मग ते म्हणाले, “हो बाय, वाचलो.” माझ्या मुलांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

मी काय चूक बोलले, हे मला कितीतरी दिवस कळेना. जीवापेक्षा मोठे काय आहे? जीव वाचवण्यासाठी शब्बाथसुद्धा मोडावा, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा झोपेत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. ज्या आईची मुले तिथे गाडली गेली, तिच्यापुढे पोफळीचे दुःख काय सांगायचे? तिच्यापुढे सांगूच नये. पण काका तिच्यापुढे नव्हते, माझ्यापुढे होते. आणि मी त्यांना एका वाक्यात गप्प केले होते.

ज्यांनी वाडी केलेली नाही त्यांना हे समजणे अवघड जाते. पोफळ लावली की पहिली सुपारी दिसायला पाच-सहा वर्षे तरी जातात. कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून त्याच्या शेजारी केळ लावायची, पाटाचे पाणी द्यायचे, सावली धरायची. वादळानंतर जी झाडे उभी राहिली तीही सुखी नव्हती. शेजारची पडल्यामुळे भर उन्हाचा मारा त्यांच्या खोडांवर बसू लागला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला “परत उभं राहील” म्हणताना मी हा हिशेब केलाच नव्हता. सरकारने बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर केली. पण आपल्या कोकणात वाडी हेक्टरने कोणाची असते? दहा गुंठ्यांचे पाच हजार होतात.

दारफाळणीच्या सणाला, म्हणजे किपूरला, दुपारच्या तेफिल्यात आपण योनाचे पुस्तक ऐकतो. निनवे शहराबाहेर उन्हात बसलेल्या योनावर देव एक झाड उगवतो. योना सुखावतो. दुसऱ्या पहाटे किडा ते झाड खातो, ते वाळते, आणि योना म्हणतो की मला मरण बरे. यावर देव त्याला म्हणतो की ज्याच्यासाठी तू कष्ट केले नाहीस त्या झाडाची तुला कणव येते, मग एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या आणि पुष्कळ गुराढोरांच्या या शहराची मला कणव येऊ नये काय? मी हे नेहमी फटकार म्हणूनच ऐकत आले: माणसे सोडून झाडासाठी रडतोस! पण त्या वर्षी ऐकताना वेगळेच लक्षात आले. झाडासाठी वाटलेले दुःख खोटे आहे, असे देव म्हणतच नाही. तेच दुःख हाताशी धरून तो योनाला माणसांपर्यंत नेतो. आणि योनाने तर त्या झाडाला तांब्याभर पाणीही घातले नव्हते. काकांनी जन्मभर घातले.

आपल्याच घराकडे पाहू. आपला समाज वादळातून निघालेला आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरले, अशी आपली परंपरा सांगते. पण ती एवढ्यावर थांबत नाही. आपले ग्रंथ समुद्रात गेले, फक्त शेमा तेवढा ओठांवर राहिला, हेही ती सांगते. इतक्या शतकांनंतर आपण त्या ग्रंथांची हळहळ करतो. “जीव वाचले ना, मग ग्रंथांचे काय एवढे?” असे आपल्याला कोणी म्हटले तर चालेल का?

मग आपण हे वाक्य का बोलतो? मला वाटते, आपल्यासाठीच. दुसऱ्याचे नुकसान ऐकत बसणे कठीण असते, त्यात मदत करता येत नसेल तर अधिकच. मी हजारो मैलांवर होते, काही करू शकत नव्हते, आणि मला ते संभाषण चांगल्या शब्दाने संपवायचे होते. इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सर्व ठीक होते. तोंड उघडल्यावर ते बिघडले. दुखवट्याला गेल्यावर दुःखी माणूस बोलेपर्यंत आपण बोलू नये, ही रीत त्यावरूनच आली. मयतीच्या घरी मी ती पाळते. पडलेल्या वाडीलाही ती लागू असेल, हे सुचले नव्हते.

किपूर झाल्यावर मी पुन्हा फोन केला. या वेळी एवढेच विचारले, “काका, किती झाडं गेली?”

ते थोडे थांबले. मग विहिरीपासून सुरुवात केली. विहिरीजवळचे दोन माड, त्यांतला एक काकींनी लग्नाच्या वर्षी लावलेला, तो अजून तोडवत नाही, आडवाच आहे. मग पाटाच्या कडेची पोफळींची ओळ, मग जायफळ. मी कागद घेऊन बसले होते, लिहीत गेले. पश्चिमेच्या कुंपणाशी आल्यावर ते अडखळले. “थांब, एक राहिलं,” म्हणाले, आणि पुन्हा विहिरीपासून मोजायला लागले.